उभयचर बस, भोपाळचे तळे आणि आपण

भोपाळच्या मोठ्या तळ्यावर डिसेंबर २०२५ मध्ये मध्य प्रदेश सरकारने २० शिकारे उतरवले. काश्मीरच्या दल सरोवरात शोभणारी ही होडी मध्य प्रदेशात आली ती केवळ हौसेपोटी नव्हे. तिच्यामागे राष्ट्रीय हरित लवादाचा सप्टेंबर २०२३ मधील आदेश आहे. लवादाच्या भोपाळ येथील मध्य विभागीय पीठाने या तळ्यातील क्रूझ आणि मोटरबोटी बंद करावयास सांगितले. डिझेल इंजिनांतून निघणारे घटक पाण्यात मिसळून ते दूषित होते आणि हेच पाणी शहराच्या नळांना जाते, हे त्या आदेशामागील मुख्य कारण होते. पर्यटन खात्याची क्रूझ धक्क्याला लागली आणि सव्वादोन वर्षांनी तिच्या जागी वल्ह्याची होडी आली.

ही बातमी आपल्याकडे कोपऱ्यात गेली. एरवीही गोव्याचा हरित लवादाशी संबंध पुण्याच्या पश्चिम विभागीय पीठामार्फत येतो. भोपाळच्या पीठाचा आदेश आपल्याला थेट लागू होत नाही. पण त्यातून उभा राहिलेला प्रश्न मात्र आपल्या दारात कधीचाच येऊन थांबला आहे. गोव्यात जलपर्यटनाची चर्चा निघाली की दोन कल्पना हमखास डोके वर काढतात. एक सीप्लेनची आणि दुसरी उभयचर बसची, म्हणजे रस्त्यावरून धावत येऊन थेट नदीत उतरणाऱ्या वाहनाची. गेल्या दशकाच्या मध्यास या दोन्हींच्या घोषणा पणजीत मोठ्या गाजावाजाने झाल्या होत्या. आज मांडवीच्या काठी उभे राहिल्यास कॅसिनोंची जहाजे दिसतात, क्रूझ दिसतात, फेरीबोटी आणि बार्जेस दिसतात. पाण्यात शिरणारी बस मात्र दिसत नाही. ती का टिकली नाही, याचा हिशेब कुणी फारसा मांडलेला नाही. पुढची घोषणा होण्यापूर्वी तो मांडून ठेवलेला बरा.

प्रथम या वाहनाच्या आकर्षणाविषयी, कारण ते खोटे नाही. बस उतारावरून खाली जाते, समोर पाणी येते, चालक ब्रेक लावत नाही, आणि आतल्या चाळीस माणसांच्या तोंडून एकाच वेळी आवाज निघतो. रॉटरडॅमपासून सिंगापूर, दुबई आणि ओसाकापर्यंत ज्या शहरांनी अशा सफरी चालवल्या, त्यांनी खरे तर हा एक क्षणच विकला. उरलेला तासभर प्रवासी एका मध्यम दर्जाच्या बसमध्ये आणि मग एका मंदगती बोटीत बसलेला असतो. पश्चिम जर्मनीत १९६० च्या दशकात ‘अँफिकार’ नावाची चारआसनी मोटार विकली जात असे. मागे दोन पंखे, पुढची चाकेच सुकाणू; दिसायला मोठी देखणी. चार हजारांच्या आतच गाड्या तयार झाल्या आणि कारखाना थांबला. अमेरिकेचे अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याकडे अशी एक गाडी होती. आपल्या टेक्सासमधील मळ्यावर पाहुण्यांना तिच्यात बसवून ‘ब्रेक लागत नाहीत’ असे ओरडत ते ती तळ्यात घालीत. या वाहनाचा सर्वोत्तम उपयोग एका राष्ट्राध्यक्षाने पाहुण्यांची फजिती करण्यासाठी केला, हे पुरेसे बोलके आहे. २००४ मध्ये ब्रिटिश उद्योजक रिचर्ड ब्रॅन्सन यांनी ‘अ‍ॅक्वाडा’ या उभयचर मोटारीतून इंग्लिश खाडी पावणेदोन तासांच्या आत ओलांडली. बातमी जगभर छापून आली. गाडी मात्र रस्त्यावर आली नाही.

अडचण यंत्राच्या स्वभावातच आहे. होडीचा तळ जितका गुळगुळीत तितकी ती पाणी सहज कापते. मोटारीच्या तळाला चाके, आस, स्प्रिंगा लोंबकळत असतात. रस्त्यावर धक्का सोसण्यासाठी गाडी मजबूत, म्हणजे जड हवी. पाण्यात ती हलकी हवी. बसमध्ये प्रवासी उंचावर बसतात म्हणजे दृश्य चांगले दिसते. पाण्यात तोच उंचावरचा भार तोल बिघडवतो. आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे इंजिनाची शक्ती चाकांपर्यंत आणि पंख्यापर्यंत नेणारे दांडे जिथून बाहेर पडतात ती भोके. होडीच्या तळाला अशी भोके कमीत कमी ठेवतात. उभयचर वाहनात ती अनेक असतात, आणि प्रत्येकाच्या तोंडाशी रबराचे सील असते. खड्ड्यातून गेलेली, चिखलात रुतलेली, उन्हात तापलेली ही रबरेच पुढे पाण्यात माणसांचे प्राण सांभाळतात. मोटारीची दुरुस्ती ठरावीक किलोमीटरनंतर करतात, जहाजाची ठरावीक मुदतीने. हिची मात्र पाण्यातून बाहेर आल्यावर दर वेळी तपासणी हवी. खाऱ्या पाण्यात तर अधिकच. मांडवीचे पाणी पणजीपाशी खारेच असते, आणि खारे वारे आपल्याकडच्या साध्या दुचाकीचे काय करतात, हे सांतिनेज ते मिरामार रोज ये-जा करणाऱ्या कुणालाही विचारावे.

या सिलांचे महत्त्व अमेरिकेला फार महागात कळले. दुसऱ्या महायुद्धात जनरल मोटर्सने ‘डक’ नावाने ओळखले जाणारे सहाचाकी उभयचर ट्रक बनवले. जवळपास २१ हजार. नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर जहाजांतून माल उतरवण्याचे काम त्यांनी चोख बजावले. युद्ध संपल्यावर ते स्वस्तात विकले गेले आणि १९४६ पासून विस्कॉन्सिनमध्ये त्यांतून पर्यटकांच्या सफरी सुरू झाल्या. काही वर्षांच्या वापरासाठी घडवलेले ट्रक पुढे अर्धशतक पर्यटकांना घेऊन फिरत राहिले. १ मे १९९९ रोजी आर्कान्सासमधील लेक हॅमिल्टन येथे ‘मिस मॅजेस्टिक’ नावाचा असा एक ट्रक पाण्यात उतरला आणि काही मिनिटांतच बुडाला. १३ जण मेले. कारण निघाले ते एका दांड्याभोवतीचे रबरी आवरण. ते नीट बसवलेले नव्हते. प्रवासी बाहेर का पडू शकले नाहीत, याचे कारण होते वरचे छत. ऊन लागू नये म्हणून घातलेल्या छताखाली ते अडकले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने छते काढा, पाणी शिरले तरी तरंगता येईल अशी रचना करा, असे सुचवले. व्यवसायाने ते बहुतांशी मनावर घेतले नाही.

१९ जुलै २०१८ रोजी मिसुरी राज्यातील टेबल रॉक तळ्यात, वादळाचा इशारा असताना, अशीच एक बस पाण्यात उतरली. ३१ जण आत होते, १७ बुडाले. छत होते, बाजूचे पडदेही होते. दरम्यान २०१० मध्ये फिलाडेल्फियात इंजिन बंद पडून नदीत थांबलेल्या एका ‘डक’वर बार्ज चढली आणि दोन तरुण विद्यार्थ्यांचा बळी गेला, २०१५ मध्ये सिएटलच्या पुलावर दुसऱ्या एका ‘डक’ची पुढची आस तुटून ती समोरून येणाऱ्या बसवर आदळली व पाच जण दगावले. म्हणजे हे वाहन पाण्यातही अपघात करू शकते आणि रस्त्यावरही. १९९९ च्या सूचनांना कायद्याचे बळ मिळण्यास डिसेंबर २०२२ उजाडावे लागले.

फिलाडेल्फियाची घटना वाचताना मांडवी डोळ्यांसमोर आल्यावाचून राहत नाही. खनिजवाहू बार्जेस, कॅसिनोंकडे प्रवासी नेणाऱ्या बोटी, सायंकाळच्या क्रूझ, मासेमारीचे ट्रॉलर आणि त्यांच्यामधून आडव्या जाणाऱ्या फेरीबोटी. एवढ्या गर्दीत ताशी जेमतेम दहा-बारा किलोमीटरने चालणारी, वाऱ्याला मोठे अंग देणारी बस सोडणे ही सहल म्हणून कितीही मोहक वाटो, ती जलवाहतुकीच्या दृष्टीने एक अडथळाच होय. शिवाय ती आहे कोणाच्या अखत्यारीत? रस्त्यावर १९८८ चा मोटार वाहन कायदा आणि वाहतूक खाते, नदीत २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आणि बंदर कप्तान खाते. चालकाला दोन्ही परवाने हवेत, वाहनाला दोन्ही तपासण्या हव्यात, विमाही दोन्हींचा. दोन खात्यांच्या मधली जागा ही आपल्या प्रशासनात नेहमीच निसरडी असते. अपघात झालाच तर तो रस्त्याचा की नदीचा, यावर पहिले आठ दिवस जातील.

देशात हा प्रयोग झालेला आहे. पंजाबात सतलज आणि बियास यांच्या संगमावरील हरीके येथे तत्कालीन उपमुख्यमंत्री सुखबीरसिंग बादल यांनी डिसेंबर २०१६ मध्ये ‘पानीवाली बस’ सुरू केली. राजकीय सभेत विरोधकांनी थट्टा केली म्हणून ती जिद्दीने आणली, असे तेव्हा बोलले जाई. निवडणूक झाली, सरकार बदलले, आणि २०१७ मध्ये नवे पर्यटनमंत्री नवज्योतसिंग सिद्धू यांनी ती बंद केली. कोट्यवधी रुपयांची बस मोजके दिवस चालली आणि मग शेडमध्ये धूळ खात पडली. यात पक्षीय सूड किती आणि व्यवहार किती, हा वाद पंजाबी मंडळींनी घालावा. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना नाकारता येत नाही. हरीके ही रामसर दर्जाची पाणथळ जागा आहे, स्थलांतरित पक्ष्यांचे आश्रयस्थान आहे, आणि तिथे बस पाण्यात घालण्याआधी त्या पाण्याची चौकशी कोणी गंभीरपणे केली होती असे दिसत नाही.

इथेच भोपाळचा आदेश महत्त्वाचा ठरतो. भोपाळचे मोठे तळे अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदीवर मातीचा बांध घालून निर्माण केले, अशी परंपरा सांगते. हजार वर्षे ते शहराला पाणी पुरवीत आले. १९९० च्या दशकात जपानच्या कर्जसाहाय्याने त्याच्या शुद्धीकरणाचा मोठा प्रकल्प राबवला गेला. मोठे व छोटे तळे मिळून बनलेल्या ‘भोज पाणथळ’ क्षेत्राला ऑगस्ट २००२ मध्ये रामसर दर्जा मिळाला. दुसरीकडे हेच तळे राज्याच्या जलक्रीडेचे केंद्र आहे. तिथल्या अकादमीतून नौकानयनपटू घडले. म्हणजे भोपाळकर पाण्यावर रागावलेले नाहीत, त्यांना पाण्यावर जायचेच आहे. लवादासमोर प्रश्न इतकाच होता की, जे पाणी प्यायचे त्यात कोणते वाहन चालवायचे. पर्यटन खात्याच्या हिशेबात क्रूझ हे उत्पन्नाचे साधन होते. लवादाने तळ्याचा हिशेब आधी धरला.

या कसोटीवर उभयचर बस क्रूझहून बरी ठरत नाही, अधिक वाईट ठरते. क्रूझ निदान पाण्यातच राहते. बस शहरातून येते. तिच्या तळाला रस्त्यावरचे तेल, डांबराचा अंश, ब्रेकची भुकटी, टायरचा चुरा चिकटलेला असतो, आणि उतरताना तो सगळा ती पाण्यात धुऊन टाकते. सिलांना लावलेले ग्रीसही हळूहळू पाण्यातच जाते. इंजिन विजेवर चालवले तर धूर जाईल. ग्रीस आणि टायर जाणार नाहीत. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एका तळ्यातून निघून दुसऱ्या तळ्यात उतरणारे वाहन आपल्या सांध्याकोपऱ्यांतून जलपर्णीचे तुकडे आणि बीजेही वाहून नेते. ज्या राज्यात तळ्यागणिक जलपर्णी काढण्याच्या निविदा निघतात, तिथे हे सांगण्याची गरज भासू नये.

आता हा हिशेब गोव्यात आणावा. कुडचडे येथील नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर क्षेत्र झाले. ते अवघे ४२ हेक्टरांचे, भोपाळच्या तुलनेत थेंबभर. साळावलीचे धरण दक्षिण गोव्याची तहान भागवते, आणि तिथले पर्यटन वाढवण्याच्या सूचना अधूनमधून येतात. या दोन ठिकाणी मोटरचे कोणतेही जलवाहन नको, हे भोपाळकडे पाहून आताच ठरवून टाकावे; लवादाने बंद करेपर्यंत थांबण्यात पैसा आणि पत दोन्ही जाते. मांडवी आणि झुवारी यांची गोष्ट निराळी. त्या वाहतुकीच्याच नद्या आहेत, राष्ट्रीय जलमार्ग म्हणून घोषितही आहेत. तिथे आक्षेप पिण्याच्या पाण्याचा नाही. तिथे विचारायचे ते एवढेच, की हे वाहन तिथे कोणते काम करणार आहे?

आणि या प्रश्नाला गोव्याने पिढ्यान्‌पिढ्या उत्तर देऊन ठेवले आहे. त्याचे नाव फेरीबोट. गाडीला पोहायला शिकवण्याऐवजी तिला होडीत बसवायचे, ही साधी युक्ती उभयचर वाहनाच्या सगळ्या अडचणी एका फटक्यात टाळते. गाडी गाडी राहते, बोट बोट राहते, आणि दोघींची देखभाल आपापल्या जागी होते. जुलै २०२५ मध्ये रायबंदर–चोडण मार्गावर नव्या रो-रो फेरीबोटी आल्या. त्यांचे तिकीट, रांगा आणि वेळापत्रक यांवर चोडणवासीयांच्या तक्रारी असतील, पण नदी ओलांडण्याचा वेळ घटला हे खरे. उभयचर बसवर खर्चायचा रुपया धक्क्यांच्या दुरुस्तीवर, जुन्या फेरीबोटींच्या इंजिनांवर आणि नदी परिवहन खात्यातील रिक्त जागांवर खर्चला तर त्याचा लाभ दिवाडीच्या शाळकरी मुलालाही होईल आणि पर्यटकालाही. परदेशी पाहुणे दिवाडीच्या फेरीत उभे राहून ज्या उत्सुकतेने छायाचित्रे काढतात, ती पाहता आकर्षणाची उणीव आपल्याकडे आहे असेही वाटत नाही.

सीप्लेनचा इतिहासही याच वळणाचा आहे. अंदमानात ‘जल हंस’ डिसेंबर २०१० मध्ये सुरू झाले आणि पुढे थांबले. साबरमती ते केवडिया सेवा ३१ ऑक्टोबर २०२० रोजी पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाली व काही महिन्यांतच गुंडाळली गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विजयवाडा आणि कोची येथे पुन्हा प्रात्यक्षिके झाली. उद्घाटनाला गर्दी, नंतर देखभालीला विमान परराज्यात वा परदेशात, मग शांतता.

या साऱ्यावरून उभयचर वाहन निरुपयोगीच असते असा निष्कर्ष काढणे मात्र घाईचे होईल. एक जागा अशी आहे जिथे जमीन कुठे संपते आणि पाणी कुठे सुरू होते हेच कळत नाही, आणि ती म्हणजे पूरग्रस्त गाव. रस्ता गुडघाभर पाण्यात, पुढे छातीभर, मग चिखल, मग पुन्हा रस्ता. इथे बोट चिखलात अडते आणि ट्रक पाण्यात. भारतीय लष्कराने जेएसडब्ल्यू गेको या कंपनीकडून ९६ ‘एटोर एन-१२००’ वाहनांची मागणी नोंदवली. मोठी, कमी हवेची टायरे असलेली ही ठोकळ्यासारखी गाडी दलदल, बर्फ आणि पाणी तिन्हींवर चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये रावीचे पाणी अमृतसर जिल्ह्यातील गावांत शिरले तेव्हा लष्कराने तीच वाहने घालून माणसे बाहेर काढली. ज्या पंजाबात सहलीची उभयचर बस शेडमध्ये गेली, त्याच पंजाबात बचावाचे उभयचर वाहन कामी आले.

पुरात साध्या होडीच्या मर्यादा काय असतात हे ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळने दाखवले. गावातून बाहेर पडणाऱ्यांनी भरलेली बोट कृष्णेच्या पुरात उलटली आणि दहाहून अधिक ग्रामस्थ बुडाले. त्याच्या पुढच्याच महिन्यात, १३ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे, भोपाळच्या छोट्या तळ्यात खटलापुरा घाटावर गणेशविसर्जनाची नाव कलंडून ११ तरुण गेले. मोठी मूर्ती, जास्त माणसे, अंगावर लाइफ जॅकेट नाही. आपल्याकडे नाताळाच्या दिवशी, २५ डिसेंबर २०२४ रोजी, कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची बोट उलटून एक जण दगावला. या तिन्ही ठिकाणी वाहन अगदी साधे होते. कमी पडली ती प्रवासीसंख्येची मर्यादा, जॅकेट आणि ‘आता बोट सोडायची नाही’ असे सांगण्याचा अधिकार असलेला माणूस. साध्या होडीबाबत जे आपण पाळू शकत नाही, ते दररोज सील तपासावे लागणाऱ्या बसबाबत पाळू, असे मानायला आधार कोणता?

तेव्हा गोव्याला उभयचर वाहन हवेच असेल तर ते पर्यटन महामंडळाकडे नव्हे, अग्निशामक दलाकडे हवे. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरी, डिचोलीतील घरे पाण्याखाली गेली होती, ती आठवण फार जुनी नाही. पण इथेही तपशील पाहावा लागतो. ‘एटोर’सारखे वाहन पाण्यात ताशी सहा किलोमीटरच्या आसपास चालते. पंजाबच्या सपाट शेतांत साचलेल्या पाण्यात तेवढे पुरते. घाटातून सुसाट उतरणाऱ्या म्हादईच्या लोंढ्यासमोर ते पुरेल का, साखळी-वाळपईकडच्या अरुंद रस्त्यांवरून आणि साकवांवरून ते जाईल का, हे कागदावरून सांगता येणार नाही. एक वाहन एका पावसाळ्यासाठी भाड्याने किंवा उसने आणून वाळपईच्या केंद्रात ठेवावे, जवानांना चालवू द्यावे आणि ऑक्टोबरमध्ये त्यांचाच अहवाल मागवावा. रबरी बोटी आणि दोरखंड अधिक उपयोगी पडले, असे ते म्हणाले तर त्या घ्याव्यात.

लवकरच मान्सूनपूर्व तयारीच्या बैठका सुरू होतील. त्या बैठकीत हा विषय कार्यसूचीवर यावा आणि जलपर्यटनाच्या पुढच्या प्रस्तावासोबत, तो कोणत्याही वाहनाचा असो, त्या विशिष्ट पाण्याचा अहवाल, दोन्ही खात्यांचे लेखी अभिप्राय आणि पहिल्या पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद जोडलेली असावी, अशी अट मंत्रिमंडळाने घालावी. भोपाळमध्ये हे प्रश्न क्रूझ वर्षानुवर्षे चालल्यानंतर न्यायासनाने विचारले.